हवापालट

व्यसन हे परक्या मुलखातून येते, अशी रत्नागिरीकरांची जुनी आणि मोठी सोयीची समजूत आहे. आणि ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या आपली तरणीताठी माणसे मुंबईच्या गिरण्यांना पुरविली व त्यांच्या मनीऑर्डरींवर शेतसारा भरला, त्या जिल्ह्यात ती रुजावी यात नवल नाही. गणपतीला आलेला चाकरमानी पडवीत झिंगून पडला, तर 'मुंबैचं पाणी लागलं' असे म्हणून घर मोकळे होते. परंतु तव्यावर भाजलेली मशेरी दातांना लावल्यावाचून जिला सकाळ उजाडत नाही त्या आजीला, किंवा उन्हे कलताच माडीचा तांब्या जवळ ओढणाऱ्या आजोबांना, व्यसनी म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नसते.

हा पक्षपात आमच्या लोकांबरोबर बोटीत बसून मुंबईसही गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत. सरकार अफूवर आबकारी वसूल करी, आई त्या गोळीला संगोपन समजे, आणि या व्यवहारात काही वावगे आहे असे दोहोंपैकी कोणासही फारसे वाटत नसे.

जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू होऊन गिरण्या थंडावल्या आणि त्याच दशकात गर्द, म्हणजे भेसळीचे हेरॉइन, मुंबईच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा हाताबाहेर चाललेल्या मुलाला गावी धाडणे हाच अनेक आईबापांना सुचलेला पहिला उपाय होता. नाकाडोळ्यांतून पाणी, सर्वांगाला कंप, हाडे पिळवटणाऱ्या कळा आणि रात्र रात्र जाग, जिला गर्द ओढणारे टर्की म्हणतात, ती अवस्था गावाने पाहिली की बाहेरची बाधा ठरे. गुरव देवाला कौल लावी, गाऱ्हाणे घातले जाई, आणि आठवड्याभरात पोर पेज मागू लागे. वास्तविक त्या यातना औषधावाचूनही साधारण तेवढ्याच दिवसांत ओसरतात. पण श्रेय देवाच्या खाती जमा होई. आम्ही याची टवाळी करणार नाही. बाधा मानल्यामुळे दोष बाहेरच्याच्या माथी जातो आणि पोर आपलेच राहते; शहरातील सुशिक्षित घरांनी अशा मुलांना दाराबाहेर काढताना एवढीही माया दाखविल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हवापालटाची कल्पनाही सर्वस्वी खुळी नव्हे. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी बहुसंख्य मायदेशी परतल्यावर त्यात पुन्हा गुरफटले नाहीत, असे ली रॉबिन्स यांना १९७० च्या दशकातील आपल्या अभ्यासात आढळले. मात्र सैनिकाला व्हिएतनामास परत जावयाचे नव्हते. आमच्या मुलाला रोजगारासाठी त्याच चाळीत, त्याच दोस्तांत जाणे भाग होते, आणि गावच्या मुक्कामात शरीराची सवय मोडलेली असल्यामुळे पूर्वी सहज पचणारी पुडी आता प्राणघातक ठरण्याचा धोका होता. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाने रुग्णाच्या पत्नीला व घराला उपचारात ओढले आणि केंद्रातून सुटल्यानंतरच्या पाठपुराव्यावर भर दिला. तो या परतीच्या वाटेचाच बंदोबस्त होय.

आता वारे उलटे वाहते आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास मिरकरवाड्याला नेपाळी खलाशी येतात, मे अखेरपर्यंत आमची मासळी ओढतात, आणि बंदरात पुडी सापडली की आम्ही प्रथम त्यांच्याकडे पाहतो. त्यांच्यापैकी कोणास टर्की लागली तर त्याला हवापालटासाठी कोठे धाडावयाचे? गाव हिमालयाच्या कुशीत, आणि हंगामाची उचल आधीच घेतलेली. मनोरुग्णालय तर रत्नागिरीतच आहे. परंतु तेथवर त्याला नेणारा, त्याची चार वाक्ये समजणारा माणूस बहुधा तांडेलच असतो, आणि तांडेलाला पहाटे बोट काढावयाची असते.