गिऱ्हाईकाला माहीत असतं, तुम्ही नटलेले आहात



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एका जपानी गाण्याचा विषय काढला आणि लगेच विचारणा सुरू झाली, "सर, उमरीतल्या दुकानाला जपानचं गाणं कामून?" विचारणं रास्त आहे. व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून इथं लिहितो.

जपानमध्ये 'आयडॉल' हा रीतसर धंदा आहे. पंधरा-सोळा वर्षांची पोरगी निवडायची. तिचे केस कसे, हसणं कसं, मुलाखतीत बोलायचं काय, सगळं ऑफिस ठरवणार. गाणं विकायचंच, पण खरा माल म्हणजे तो चेहरा. क्योको कोइझुमी १९८२ मध्ये अशीच बाजारात आली. पुढच्याच वर्षी तिनं ऑफिसला न विचारता केस बारीक कापून टाकले. आणि १९८५ च्या नोव्हेंबरात तिचं 'नान्तेत्तात्ते आयडॉल' आलं. म्हणजे साधारण, 'काही म्हणा, मी आयडॉल!' या गाण्यात ती सरळ आपल्या धंद्याबद्दलच बोलते. प्रतिमा जपावी लागते, भानगडीपासून लांब राहावं लागतं, आणि तरी हे सोडवत नाही कारण यात मजा आहे. दुकानदारानं गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकाला सांगावं, "हे माझं हसू मालाबरोबर फुकट बरं का," तसं. लोक रागावले नाहीत. गाणं गाजलं.

आता यात आपल्याला नवल वाटायचं काही कारण नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यानं एकदा तमाशा बघितलाय त्याला हे पाठ आहे. गवळणीतली मावशी म्हणजे गडीमाणूस, डोक्यावर पदर घेतलेला. कुणाला फसवायचा प्रश्नच नाही. बतावणीत सोंगाड्या गावच्या पुढाऱ्यापासून स्वतःच्या फडापर्यंत कुणाला सोडत नाही. बघणारा तिकीट काढून आलेला असतो, त्याला सोंग आहे हे ठाऊक असतं, आणि सोंग आहे हे सांगितल्यावर तो जास्त हसतो.

पण सोंगाचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो, तेही बघा. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्र अजून सांगतो. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आज शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं आहे. शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या. मी धंदा शिकवणारा माणूस, मला ती टाळ्यांची गोष्ट ऐकली की आधी हिशेबाची वही आठवते.

आता माझं सोंग. माझ्या जुन्या व्हिडिओंत मी पांढऱ्या मोठ्या गाडीतून उतरतो, ती गाडी माझी नव्हती. अर्ध्या दिवसाच्या भाड्यानं आणली होती, चार व्हिडिओ एकदमच शूट केले. शर्ट बदलले, गाडी तीच. तेव्हा वाटलं, यात काय एवढं, सगळेच करतात.

मग बॅचमधल्या एक ताई भेटल्या. ब्लाउज शिलाई आणि पिको-फॉल, हात एकदम साफ. घरून काम चांगलं चाललं होतं. त्यांनी बचत गटातून साठ हजार उचलले आणि काचेचं दार, लाइटिंग, पुतळे, मोठा फ्लेक्स असं दुकान थाटलं. सहा महिन्यांत भाडंसुद्धा निघेना गेलं. मी विचारलं, एवढा खर्च आधीच कशाला केलात? तर म्हणल्या, "सर, तुम्ही गाडीतून उतरता ना, म्हणून वाटलं आधी दिसायला पाहिजे."

मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून माझं मत असं आहे, की नटायला हरकत नाही. दुकान झाडून-पुसून ठेवणं, माल मांडणं, गोड बोलणं, हे सगळं नटणंच आहे. पण ते नटणं आहे हे समोरच्याला दिसलं पाहिजे. मावशी पदराआडचा गडी लपवत नाही. मी गाडीची पावती लपवली.

यावर कुणी म्हणेल, खरं बोलणं हीसुद्धा विकायची युक्तीच की. खरं आहे. कोइझुमीचं ते गाणं लिहिलं यासुशी आकिमोतो यांनी. याच माणसानं पुढं २००५ मध्ये टोकियोच्या आकिहाबारात एकेबी ४८ हा मुलींचा संच उभा केला. अडीचशे जणांचं छोटं थिएटर, रोज भेटता येणाऱ्या आयडॉल. सीडीबरोबर हात मिळवायची तिकिटं, २००९ पासून आवडत्या मुलीला मत द्यायची निवडणूक. एकेक चाहता एकच सीडी ढिगानं घ्यायला लागला. सगळं उघड होतं, कुणी खोटं बोललं नाही, आणि खिसा तरी रिकामा झालाच. त्यामुळं नुसतं कबूल केलं की सुटलो, असं मी स्वतःलाही सांगत नाही. हे वाचून माझे दोन-चारशे व्ह्यूज वाढतील, हेही मला कळतं.

ते गाडीचे चारही व्हिडिओ मी काढलेले नाहीत. प्रत्येकाच्या सुरुवातीला आता पाटी आहे: 'गाडी भाड्याची, अर्धा दिवस.' एकानं लिहिलं, सर तुम्ही इज्जत घालवली. दुसऱ्यानं गाडीवाल्याचा नंबर मागितला.

ताई परत घरून शिवतात. काचेचं दार निम्म्या किमतीत गेलं, पुतळे कुणी घेईना म्हणून माळ्यावर पडलेत. तेवीस हजार फिटायचे आहेत. नव्या बॅचला मी त्यांच्याकडून फी घेतली नाही. माझ्या घरच्या साड्यांच्या पिको-फॉलचे पैसे त्यांनी मात्र पूर्ण लावले, वर म्हणल्या, "उधारी नको सर, तुम्हीच शिकवलं."