शेणखतातली प्रत्येक अळी हुमणी नसते



गेल्या मे महिन्यात बागेत टाकण्यासाठी शेणखताचा ढीग फोडला. आत बोटाएवढ्या पांढऱ्या, वळलेल्या अळ्या निघाल्या. गडी म्हणाला, ‘हुमणी!’ आणि औषधाचा डबा घेऊन आला. मी एक अळी फरशीवर ठेवली. ती उताणी झाली आणि पाय आभाळाकडे करून पाठीनेच सरसर चालू लागली. मुळे खाणारी हुमणी अशी चालत नाही. ही फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्याची अळी. कुजके शेण आणि पाचोळा खाते, संत्र्याच्या मुळांना लागत नाही. तिच्यावर आम्ही वर्षानुवर्षे विष ओतत आलो, याचे मला फार वाईट वाटले.

अशी चूक टाळायची, तर हे बारीक जीव कुठेतरी नोंदलेले हवेत. पांढुर्णा आणि सौंसर मिळून 2023 मध्ये आपला नवा जिल्हा झाला. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावच्या समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या जिल्ह्याच्या नोंदवह्यांत झाडे, पक्षी, जनावरे यांच्या जोडीने शेणातले, सालीखालचे, दगडाखालचे आणि विहिरीतले जीवही आले पाहिजेत. जंतांवर गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडते आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारते. आज आपल्या वावरात शेणकिडे किती, कोणते, हेच लिहिलेले नसेल, तर उद्या ते घटले हे कळणार कसे?

खर्चाचे कारण कोणी सांगू नये. धुऱ्यावर प्लास्टिकचा ग्लास काठ मातीला लावून पुरला, की रात्रीतून भुंगेरे, कोळी, गोमी त्यात पडतात. पाचोळा चाळणीत घालून वर बल्ब लावला, की उष्णतेने बारीक जीव खालच्या बाटलीत उतरतात. कॉलेजची मुले हे सहज करतील. ओळख पटवायला मात्र जाणकार हवा; भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र जबलपूरला आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था तर शेजारी नागपूरलाच. केरळात लोकांनी आपल्या विहिरींत सापडलेले आंधळे मासे अभ्यासकांना दिले. त्यातून 2023 मध्ये नवी जात नोंदली गेली आणि लोकांच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘पॉप्युली’ ठेवले. आपल्याही विहिरींचे पाणी बारीक जाळीतून गाळून पाहावे.

मृग लागला की लाल मखमली मृगाचे किडे वर येतात, पोरे ते तळहातावर घेतात, आणि थोड्याच दिवसांत ते दिसेनासे होतात. बाकीचे वर्ष ते मातीतच असतात. मोजणी याच मृगापासून सुरू व्हावी. माझी बाग, उकिरडा आणि विहीर त्यासाठी खुली आहे.

— एक संत्रा बागायतदार, सौंसर