एकच दिवा असेल तर तो कुठे लागतो?

शहरी मासिकांत दर दिवाळीला एक लेख हमखास येतो : घर उजळ कसे करावे. भिंतींना फिकट रंग द्या, खिडकीसमोर आरसा लावा, जाड पडदे काढून पातळ लावा. आपल्यापैकी बहुतेकजणी हे पान न वाचताच उलटतात. हिंसाचार, पोटगी, रेशन, रोजगार हमी, जमिनीचे पट्टे या आपल्या प्रश्नांच्या रांगेत घरातल्या उजेडाला कुठे बसवणार? मलाही तसेच वाटे. तोरणमाळच्या घरांत काही दिवस काढल्यावर माझे मत बदलले.

शहाद्याहून घाट चढून वर गेले की सातपुड्यातले हे ठिकाण येते, सुमारे १,१५० मीटर उंचीवर, अक्राणी तालुक्यात. पर्यटक येतात ते तलाव, दऱ्या आणि सूर्यास्त पाहायला. पावरा आणि भिल्ल कुटुंबांची घरे आपापल्या शेतात, एकमेकांपासून लांब. बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचा गिलावा, वर कौले, खाली उतरलेली वळचण आणि एक दार. भर दुपारी आत पाऊल टाकले तर बराच वेळ काही दिसत नाही. मग चुलीतला निखारा दिसतो आणि त्यानंतर चुलीपाशी बसलेली बाई. ती आपल्याला केव्हाच पाहून चुकलेली असते.

‘या लोकांना उजेडाचे महत्त्वच कळत नाही,’ असे एक सुशिक्षित गृहस्थ मला म्हणाले. मला ते मुळीच पटत नाही. इथली थंडी बोचरी, पावसाळ्यात वारा पाणी आडवे मारतो, शेळ्या-बैल घरातच बांधायचे, रानातल्या जनावरांची धास्ती वेगळी. भोके कमी ठेवलेले घर हा अडाणीपणा नव्हे, पिढ्यान् पिढ्यांचे शहाणपण आहे. फक्त या शहाणपणात एक हिशेब राहून गेला आहे : दिवसाउजेडी घरात सर्वांत जास्त तास कोण असते? पुरुष शेतावर, बाजारात, मजुरीला. तो घरी येतो जेवायला आणि झोपायला, आणि झोपेला अंधारच बरा. पहाटेच्या दळण-भाकरीपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत आत वावरते ती बाई. धान्य निवडणे, शिवणे, पोरीचे डोके पाहणे, एवढी कामे ती उचलून उंबऱ्यावर आणते. चूल काही उंबऱ्यावर आणता येत नाही.

म्हणजे हा कामाच्या जागेचा प्रश्न आहे. कारखान्यात दिवा नसेल तर कामगार तक्रार करतो आणि कायदा निदान कागदावर त्याच्या बाजूने असतो. चुलीपाशी तक्रार कुणाकडे करायची?

बायकांच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा आधी हसू झाले. मग एकीने म्हटले की गिलावा करताना कुडाची वरची वीतभर पट्टी न लिंपता मोकळी सोडली तर आत पुष्कळ दिसते. तिच्या माहेरी तसे करत. थंडीत तिथे पोते खोचायचे. दुसरीने पांढऱ्या मातीचा विषय काढला. आपण शिकवायला गेलो होतो हे मी तिथेच विसरले.

पांढऱ्या मातीचे किंवा चुन्याचे गणित मोठे आहे. ताजी सफेदी अंगावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे चार-पंचमांश भाग परत फेकते. काजळी धरलेली भिंत जवळजवळ सगळा गिळून टाकते. म्हणून सगळे घर रंगवायची गरज नाही. दारासमोरची भिंत आणि चुलीमागची भिंत, एवढ्या दोन पांढऱ्या केल्या तरी दारातून येणारा उजेड आत पोचतो. अडचण एवढीच की चुलीमागची भिंत महिना-दोन महिन्यांत पुन्हा काळी होते. तेव्हा धूर आणि अंधार हे दोन प्रश्न नाहीतच. वरून धूर जायला वाट केली तर त्याच वाटेने उजेड येतो. खानदेशात धाब्याच्या घरांना छतात सानं ठेवत ते याच दोन कामांसाठी. १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला, २००२ मध्ये तो गुंडाळला. २०१६ पासून उज्ज्वलाचा गॅस आला, पण सिलिंडर पुन्हा भरायला रोख लागते आणि लाकूड रानातून डोक्यावर येते. ते डोके कुणाचे, हे वेगळे सांगायला नको.

छपराच्या बाबतीत सोपी युक्ती जुनीच आहे : एक-दोन मातीची कौले काढून तिथे काचेची बसवायची. ती चुलीच्या अगदी डोक्यावर नकोत, थोडी बाजूला असावीत, नाहीतर काजळी धरून आंधळी होतात. आणि वर्षातून एकदा धुवायला हवीत. पत्र्याचे घर असेल तर आणखी स्वस्त उपाय आहे. ब्राझीलमधल्या उबेराबा गावचे मेकॅनिक आल्फ्रेडो मोझर यांनी २००२ च्या सुमारास प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरली, बुरशी धरू नये म्हणून दोन झाकणे ब्लीच घातले आणि पत्र्याला भोक पाडून अर्धी वर, अर्धी खाली बसवली. ऊन पाण्यातून वाकून खोलीभर पसरते. चाळीस-साठ वॅटच्या बल्बइतका उजेड पडतो. फिलिपीन्समधल्या झोपडवस्त्यांत २०११ पासून ही बाटली फार पसरली. दिवसापुरताच हा दिवा, आणि भोवतीची फट नीट बुजवली नाही तर गळतो.

एवढे स्वस्त आणि सोपे आहे, तर मग होत का नाही? बैठकीत याचे उत्तर मिळायला वेळ लागला नाही. सारवण-लिंपण बाईने करायचे, म्हणून भिंत तिच्या हातातली. छपराला हात पुरुषाने लावायचा. पांढरी माती ती कुणाला न विचारता फासू शकते. एक कौल बदलायचे तर नवऱ्याला सांगायचे, सासऱ्याला पटवायचे, आणि बाजारातून आणायच्या वस्तूंत काचेच्या कौलाचा नंबर शेवटचा. घर तिच्या कष्टाने उभे, पण घरात बदल करायचा हक्क तिचा नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. वारशाचे निर्णय रूढीवर चालतात आणि रूढी कुणाच्या बाजूची हे आपण जाणतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची तरतूद केली, ती म्हणूनच इतकी महत्त्वाची.

विजेचेही हेच. याच तालुक्यातल्या बिलगावला केरळच्या अभियंत्यांनी आणि आंदोलनातल्या गावकऱ्यांनी श्रमदानाने १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारला. २००३ साली तो सुरू झाला आणि २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. गावाने स्वतः लावलेला दिवा धरणाने विझवला, हे आपल्या चळवळीने विसरता कामा नये. पुढे २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली. तिच्यात गरीब घराला फुकट जोडणी होती, सोबत एक एलईडी दिवा आणि मोबाइल लावायला एक जागा. एकच दिवा! आता सांगा, तो घरात कुठे लागतो? मी पाहिलेल्या घरांत तो पुढच्या बाजूला होता, जिथे खाट टाकलेली असते आणि पाहुणा बसतो. वायरमनने विचारले घरधन्याला, घरधन्याने दाखवली पुढची बाजू. चुलीपाशी अजून मोबाइलचा उजेड तोंडात धरून भाजी चिरली जाते, आणि तो मोबाइलही बहुधा मुलाचा.

घरकुलातही हे घडते. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचे, त्यात स्वयंपाकाची वेगळी जागा धरलेली, आणि नाव बाईचे किंवा दोघांचे असावे असा नियम. नाव तिचे लागते, पण पाया आखताना तिला कुणी बोलावत नाही. मग खिडकी पुढच्या खोलीला आणि चूल मागच्या कोपऱ्यात. पुष्कळ बायका सिमेंटच्या घराशेजारी कुडाची झोपडी घालून तिथेच रांधतात. त्यांना हसण्यापूर्वी आत जाऊन बघावे.

आपल्या गटांनी हे काम हाती घ्यावे असे मला वाटते, आणि वेगळा कार्यक्रम म्हणून नव्हे. बचतगटाच्या पैशातून चार-सहा घरांची काचेची कौले एकदम आणता येतील. घरकुलाच्या यादीवर ग्रामसभेत बोलतोच आपण, तेव्हा चुलीच्या जागेला खिडकी हवी हेही बोलू. वायरमन गावात येणार असेल त्या दिवशी बायकांनी घरी थांबावे.

काहीजणी म्हणतील, हे सुधारणावादी झाले. बाई चुलीपासून सुटायला हवी, तुम्ही तिची चूलच सजवताय. आक्षेप रास्त आहे, मीही तो स्वतःला विचारला. पण ज्या बाईचे डोळे आज चुरचुरतात तिला उद्याच्या मुक्तीपर्यंत अंधारात बसा असे सांगायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय छपराला हात लावायचा हक्क मागणे हे काही सजावटीचे काम नाही.

बैठकीनंतर एका घरी धाकट्या सुनेने चुलीजवळच्या कुडाचा वीतभर गिलावा खरवडून काढला. सासू चिडली, थंडीत पोर आजारी पडेल म्हणाली. मीही गप्प बसले, कारण बोलणे चूक नव्हते. पुढच्या खेपेला गेले तेव्हा वीतभर जागा हातभर झाली होती, वर पोते गुंडाळून बांधलेले होते, आणि सासू तिथेच उजेडात बसून लसूण सोलत होती.