सलोखा चर्चमध्ये, निवाडा न्यायालयात

- खास प्रतिनिधी

शेताच्या बांधावरून भावाभावांत धरलेला अबोला, सामायिक जिन्यावरून शेजाऱ्यांत उडणारे खटके, संसारातील कुरबुरी... असे तंटे न्यायालयाची पायरी चढण्याआधी अनेक ख्रिस्ती कुटुंबांत धर्मगुरूंच्या कानावर घातले जातात. या प्रथेला धर्मग्रंथाचा आधार आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात तिची क्रमवार रीत आढळते. अपराध करणाऱ्याशी प्रथम एकांतात बोलावे. त्याने न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे. तरीही न जमल्यास विषय मंडळीपुढे मांडावा. आपसांतील वाद बाहेरच्या न्यायासनापुढे नेणाऱ्यांना संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात खडसावलेही आहे.

या रीतीचे मर्म तिच्या क्रमात आहे. चारचौघांत बेअब्रू होण्यापूर्वी चूक सुधारण्याची संधी मिळते. खटल्यात एक जिंकतो, दुसरा हरतो. पण निकालानंतरही दोघांना एकाच आळीत राहायचे असते.

मात्र, या अधिकाराला मर्यादा आहे आणि ती विवाहाच्या प्रश्नात ठळकपणे दिसते. कॅथलिक चर्चचे न्यायाधिकरण धर्मनियमांनुसार एखादा विवाह मुळातच अवैध होता, असे घोषित करू शकते. परंतु अशा घोषणेने कायद्याच्या दृष्टीने विवाह संपुष्टात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्यासाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार न्यायालयाचाच आदेश लागतो. केवळ चर्चच्या निर्णयावर विसंबून दुसरा विवाह करणाऱ्यावर द्विभार्या किंवा द्विपती प्रतिबंधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

२०२३ च्या मध्यस्थता कायद्यातही परिसरातील शांतता टिकवण्यासाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. तिथेही दोन्ही पक्षांची पूर्वसंमती आवश्यक आहे आणि झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा नाही.

कळीचा मुद्दा संमतीचाच. क्षमा हे ख्रिस्ती धर्माचे मोठे मूल्य खरे. पण मारहाण सोसणाऱ्या पत्नीला ‘क्षमा कर आणि नांद’ असे सांगितले गेले, तर ती तडजोड नव्हे, दडपण ठरते. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. अबोला कुठे मोडायचा आणि पीडितेला संरक्षण कुठे मिळवून द्यायचे, हा विवेक ज्या धर्मगुरूंपाशी आहे, त्यांच्या शब्दाला समाजात वजन राहील.