१२८ ठार, ३ हत्यारे : रणवार्तेची उलटतपासणी



परदेशातील रणभूमीवरून रोज बातम्या येतात. अमुक ठिकाणी इतके शत्रुसैनिक ठार झाले, तमुक ठाणे काबीज झाले, आपल्या बाजूची हानी नगण्य. सकाळचा चहा संपेपर्यंत आपण त्या वाचतो आणि बाजूस सारतो. हा आकडा कोणी मोजला, मोजणाऱ्याने प्रेते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली काय, मेलेल्यांच्या हातांत शस्त्र होते काय, हे आपण विचारीत नाही. बांधाच्या किरकोळ दाव्यातसुद्धा आम्ही वकील साक्षीदारास विचारतो, ‘तू हे पाहिलेस की ऐकलेस?’ तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम राखण्यात आले आहे. परंतु शेकडो माणसांच्या मृत्यूची वार्ता मात्र आपण सांगोवांगीवर खरी मानतो.

असे केल्याने काय होते, याचे एक उदाहरण आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. उदाहरण जुने आहे, देश परका आहे. तथापि त्यातील प्रश्न जुनाही नाही व परकाही नाही.

दिनांक १७ मार्च १९६८ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर व्हिएतनामची एक बातमी आली. आदल्या दिवशी क्वांग न्गाई प्रांतात अमेरिकन फौजेने शत्रूस दोन बाजूंनी कोंडीत पकडले आणि १२८ शत्रुसैनिक ठार केले, असा तिचा आशय होता. बातमी लष्कराने दिलेली होती. सायगाव येथे रोज सायंकाळी लष्कराचे अधिकारी वार्ताहरांपुढे त्या दिवसाचे आकडे वाचून दाखवीत. कित्येक वार्ताहर त्या बैठकीस पाच वाजताचा तमाशा म्हणून हिणवीत. तरी त्यांच्या वर्तमानपत्रांत तेच आकडे छापले जात.

आकड्यांना एवढे महत्त्व का आले, हे समजून घेतले पाहिजे. त्या युद्धास निश्चित आघाडी नव्हती. आज घेतलेले गाव उद्या सोडून द्यावे लागे. तेव्हा जिंकलो की हरलो, हे जमिनीवरून ठरविता येईना, म्हणून ते प्रेतांवरून ठरविण्यात येऊ लागले. वरचा अधिकारी खालच्यास विचारी, किती मारले? ज्याचा आकडा मोठा त्याची वाहवा. गनिमी लढवय्याच्या अंगावर बहुधा गणवेश नसे; तेव्हा शेतकरी कोण आणि शत्रू कोण, हे मेल्यावर ठरविणे मारणाऱ्याच्याच हाती राहिले. जेथे मारणाराच मोजणारा असतो आणि मोजणारास बढतीची आशा असते, तेथे आकडा किती विश्वसनीय असणार, हे सांगावयास नको.

आता त्या बातमीची उलटतपासणी करू. लष्कराच्या स्वतःच्याच अहवालात ठार झालेल्यांची संख्या १२८ होती आणि हस्तगत केलेली हत्यारे अवघी ३ होती. एकशे अठ्ठावीस सैनिक आणि तीन बंदुका! उरलेले एकशे पंचवीस कशाने लढत होते? प्रत्यक्ष कत्तल करणाऱ्या तुकडीतील एकच शिपाई त्या दिवशी जखमी झाला, आणि तोही स्वतःच्याच हत्याराची गोळी पायास लागून. नवशिक्या वकिलानेही हा पुरावा पाच मिनिटांत फाडून काढला असता. तो वरिष्ठांच्या मेजावर उघडा पडला होता. कोणी प्रश्न विचारला नाही. उलट सरसेनापती वेस्टमोरलँड यांनी त्या तुकडीस अभिनंदनाचा संदेश पाठविला.

खरे काय घडले होते? १६ मार्चच्या सकाळी चार्ली कंपनी या नावाची तुकडी सोन मी गावाच्या एका वस्तीत उतरली. अमेरिकन नकाशात त्या वस्तीचे नाव माय लाय होते. तेथे शत्रूची पलटण सापडेल, असे शिपायांना सांगण्यात आले होते. पलटण नव्हती. होते ते म्हातारे, बायका आणि मुले. सकाळच्या जेवणाची वेळ होती. त्यांच्याकडून एकही गोळी सुटली नाही. तरी त्यांना गोळा करून, एका चरात ढकलून, मशीनगनने मारण्यात आले. सोन मी येथील स्मारकावर मृतांची ५०४ नावे कोरलेली आहेत. त्यांत १८२ स्त्रिया व १७३ मुले आहेत. पुढे अमेरिकन लष्कराने स्वतः केलेल्या मोजणीतही ३४७ हा आकडा निघाला. अशा रीतीने ५०४ गावकऱ्यांचे १२८ शत्रुसैनिक झाले.

या असत्यास पहिले आव्हान दिले ते एका शिपायानेच. ह्यू थॉम्पसन हा हेलिकॉप्टरचा वैमानिक वरून पाहत होता. चरात पडलेली माणसे त्याने पाहिली आणि आपले हेलिकॉप्टर त्याने आपल्याच सैनिकांच्या व पळणाऱ्या गावकऱ्यांच्या मध्ये उतरविले. हे लोक गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर तुम्ही त्यांच्यावर झाडा, असा हुकूम त्याने आपल्या आंद्रेओटा व कोलबर्न या दोन सहकाऱ्यांस दिला. सुमारे दहा गावकऱ्यांस त्याने तेथून बाहेर काढविले. चरातून एक जिवंत मूल उचलून इस्पितळात पोचविले. परत येताच वरिष्ठांपाशी तक्रार केली. म्हणजे सत्य त्याच दिवशी लष्कराच्या दप्तरी दाखल झाले होते.

त्या तक्रारीचे काय झाले? ब्रिगेडच्या प्रमुखाने चौकशी केली आणि सुमारे २० नागरिक चुकून मारले गेले, असा निष्कर्ष काढून प्रकरण मिटविले. थॉम्पसनला एक पदक देण्यात आले. त्याच्या प्रशस्तिपत्रात दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडलेले मूल वाचविल्याचे लिहिले होते. दुसरी बाजू गोळीबार करीतच नव्हती! थॉम्पसनने ते पदक फेकून दिले.

वाचकहो, याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. सोन मीच्या गावप्रमुखाने त्याच महिन्यात आपल्या वरच्या व्हिएतनामी अधिकाऱ्यास कत्तलीची खबर दिली होती. तालुक्याच्या अधिकाऱ्याने एप्रिलमध्ये ती लेखी पुढे पाठविली, आणि तिच्यातील मृतांचा आकडा सत्याच्या फार जवळ होता. पण ती शत्रूच्या प्रचाराच्या सदरात टाकण्यात आली. ज्यांची माणसे मेली त्यांची साक्ष कोणी मोलाची मानली नाही.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांस ओळखीचे काही दिसले असेल. गावात अत्याचार होतो, वस्तीतील माणसे फिर्याद द्यावयास जातात, आणि त्यांस सांगण्यात येते की तुम्ही पडलात हितसंबंधी. गावातील एखादा प्रतिष्ठित साक्षीदार आणा. मी अशा फिर्यादी हाताळल्या आहेत. प्रेतापाशी बसलेल्या बाईपेक्षा घटनास्थळापासून मैलभर दूर असलेल्या माणसाचा शब्द अधिक वजनदार ठरताना मी पाहिला आहे. वस्तुतः नातेवाईक असणे म्हणजे अविश्वसनीय असणे नव्हे. खऱ्या गुन्हेगारास सोडून निरपराध्यास गोवण्याची इच्छा जवळच्या नातेवाइकास सहसा होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दलीपसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १९५३ सालीच सांगून ठेवले आहे. कायदा सांगतो एक, सवय करते दुसरे. माय लायमध्येही हीच सवय आडवी आली. पीडिताची साक्ष लोकांच्या कानी पडावयास पीडकाच्या गोटातील माणूसच बोलावा लागला.

तो माणूस म्हणजे रॉन रायडनावर हा तरुण शिपाई. तो त्या दिवशी माय लायमध्ये नव्हता. ज्यांनी कत्तल पाहिली वा केली अशा शिपायांकडून त्याने ती ऐकली. मग त्याने एकामागून एक अनेकांस गाठले, एकाच्या जबानीशी दुसऱ्याची जबानी ताडून पाहिली, आणि घरी परतल्यावर २९ मार्च १९६९ रोजी पत्र लिहून त्याच्या सुमारे ३० प्रती राष्ट्राध्यक्ष, लोकप्रतिनिधी व अधिकारी यांस धाडल्या. आपण स्वतः पाहिलेले नाही, हे त्याने लपविले नाही. त्याने शिक्षा मागितली नाही, चौकशी मागितली. ऐकीव माहिती प्रामाणिक माणूस कशी हाताळतो, याचा तो नमुना आहे.

त्यानंतर यंत्र हलले. लेफ्टनंट कॅली याच्यावर आरोप ठेवण्यात आला. सीमोर हर्श या पत्रकाराने १३ नोव्हेंबर १९६९ रोजी ही हकीकत छापून आणली. आठवड्याभरात रॉन हॅबर्ली या लष्करी छायाचित्रकाराची चित्रे क्लीव्हलँडच्या एका वर्तमानपत्रात आली. सरकारी कॅमेऱ्याने काढलेली चित्रे त्याने सरकारजमा केली होती. प्रेतांची चित्रे स्वतःच्या कॅमेऱ्यातील होती. ज्या सत्याची वार्ता दुसऱ्याच दिवशी यावयाची, ती यावयास २० महिने लागले.

न्याय किती झाला? मार्च १९७१ मध्ये कॅली २२ खुनांबद्दल दोषी ठरला. जन्मठेप झाली; पण ती कमी होत होत सुमारे साडेतीन वर्षांवर आली, आणि तीही बहुतेक घरातल्या नजरकैदेत गेली. त्याच्यावरील एकाही अधिकाऱ्यास शिक्षा झाली नाही. थॉम्पसनला मात्र देशद्रोही म्हणून धमक्या आल्या. त्यास व त्याच्या दोघा सहकाऱ्यांस खऱ्या कामाबद्दल पदक मिळाले ते १९९८ साली, तीस वर्षांनी. तोपर्यंत आंद्रेओटा हयात नव्हता. तो कत्तलीनंतर काही आठवड्यांतच युद्धात मारला गेला होता.

कॅलीचा बचाव काय होता? आपण वरिष्ठांचा हुकूम पाळला, एवढाच. त्याच्याच तुकडीतील काही शिपायांनी त्याच सकाळी, त्याच चरापाशी, गोळी झाडण्यास नकार दिला होता आणि पुढे लष्करी न्यायालयात तशी साक्षही दिली. तेव्हा हुकुमापुढे माणूस हतबल असतो, हे म्हणणे टिकत नाही. जो हुकूम बेकायदा आहे हे सर्वसाधारण समजुतीच्या माणसास कळते, त्याच्या आड लपता येत नाही, असाच न्यायालयाचा दंडक होता. आपल्याकडील १९५० च्या सेना अधिनियमाचे ४१ वे कलम पाहा. वरिष्ठाच्या हुकुमाची अवज्ञा हा गुन्हा आहेच. परंतु कलमात शब्द आहे ‘कायदेशीर हुकूम’. या एका विशेषणाने शिपायाचे माणूसपण राखले आहे. गणवेश चढविताना बुद्धी आणि करुणा उतरवून ठेवावी, असे कायद्याने कोठेही म्हटलेले नाही.

मात्र नकार देण्याचा हक्क आणि सांगण्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाप्रमाणे सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेस आहे. १९५४ च्या सेना नियमांतील २१ वा नियम सेवाविषयक माहिती पूर्वपरवानगीवाचून वृत्तपत्रांस देण्याची मनाई करतो. फौज कोठे चालली, तोफा कोठे आहेत, हे कोणी जगजाहीर करावे असे मी म्हणत नाही; गुप्ततेस तेथे कारण आहे. परंतु गुन्ह्यास गुप्ततेचे संरक्षण असू शकत नाही. ज्या शिपायाने वरिष्ठाचा गुन्हा पाहिला, त्याने त्याच वरिष्ठामार्फत तक्रार करावी हे शहाणपणाचे नव्हे. थॉम्पसनची तक्रार तशीच बुडाली. म्हणून प्रत्येक लोकशाही देशात सैनिकाची अशी साक्ष घेणारी व त्यास संरक्षण देणारी, हुकुमाच्या साखळीबाहेरची संस्था असली पाहिजे.

ही मागणी जुन्या जखमेपुरती नाही. जानेवारी २००४ मध्ये इराकमधील अबू घ्रैब तुरुंगात बंद्यांचा छळ झाल्याची छायाचित्रे जोसेफ डार्बी या अमेरिकन शिपायाने तपास अधिकाऱ्यांच्या हाती दिली. नाव गुप्त राहील, असे त्यास आश्वासन होते. काही महिन्यांतच खुद्द संरक्षणमंत्र्यांनी ते सिनेटपुढे जाहीररीत्या उच्चारले. पुढे त्यास आपल्या गावी राहणे अशक्य झाले. माय लायनंतर ३६ वर्षे लोटली होती. चित्रे क्षणात जगभर गेली. पण खरे बोलणाऱ्या शिपायाची किंमत तीच राहिली.

आज रणभूमीवरील दृश्ये आपल्या हातातील फोनवर येतात. म्हणून आपणांस वाटते की आता काही लपत नाही. दृश्य आले म्हणजे पुरावा आला असे नव्हे. ते कोणी टिपले, काय वगळले, त्याखालचा आकडा कोणाचा, हे प्रश्न उरतातच. म्हणून विनंती इतकीच की उद्याची रणवार्ता वाचताना क्षणभर वकील व्हा. ‘ठार’ या शब्दापुढे ‘कोण?’ असे विचारा. मोजणारा आणि मारणारा एकच आहे काय, ते पाहा. ज्यांच्या घरी प्रेते आली त्यांचे म्हणणे बातमीत आहे काय, ते शोधा. नसेल तर ती बातमी अर्धी आहे असे समजा. आणि एखादा शिपाई उभा राहून आपल्याच बाजूचा गुन्हा सांगू लागला, तर त्यास देशद्रोही म्हणण्यापूर्वी त्याची साक्ष शेवटपर्यंत ऐका. सोन मीच्या शिळेवरील ती ५०४ नावे वीस महिने जगाच्या लेखी नव्हतीच; होता तो एक आकडा आणि त्याच्या शेजारी तीन हत्यारे.