यंत्रापाशी उभा असतो, त्याचेही ऐका

रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर कामगार बांधवांच्या गप्पा रंगतात. कुणी मशीनशॉपमधला, कुणी गोदामातला, कुणी सफाई खात्यातला. बोलता बोलता एखादा म्हणतो, "हा माल दाराजवळ ठेवला तर आमच्या निम्म्या खेपा वाचतील." "मग साहेबाला सांगत का नाहीस?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "आम्हाला कोण विचारतो?"

हे उत्तर आम्हाला टोचते. म्हणून आज एक खरी हकीकत सांगतो.

अमेरिकेत थ्रीएम नावाची कंपनी आहे. १९०२ साली स्थापन झालेली ही कंपनी सुरुवातीच्या काळात पॉलिश पेपर बनवीत असे. तिच्या प्रयोगशाळेत रिचर्ड ड्रू नावाचा तरुण काम करी. इंजिनियरिंगचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले होते. पॉलिश पेपरचे नमुने घेऊन तो मोटारी रंगविणाऱ्या गॅरेजमध्ये जाई. त्या काळी दुरंगी मोटारींची आवड होती. दोन रंगांची कड सरळ यावी म्हणून रंगारी कागद चिकटवीत. पण तो काढताना ताजा रंगही सोलून निघे. केलेली मेहनत वाया जाई. ड्रूने ते पाहिले आणि वेगळी पट्टी बनविण्याचा ध्यास घेतला. वरिष्ठ मॅकनाइट यांनी त्याला नेमून दिलेले काम करायला सांगितले, तरी त्याने प्रयोग सोडला नाही. १९२५ साली मास्किंग टेप तयार झाली आणि १९३० साली पारदर्शक चिकटपट्टी. आपली मुले फाटलेली वही जिने जोडतात, तीच ही पट्टी!

मॅकनाइटही यातून शिकले. ते स्वतः १९०७ साली साधे मदतनीस हिशेबनीस म्हणून लागले होते. १९४८ साली त्यांनी धोरण मांडले, की माणसांना मोकळीक द्यावी; चुका होतील, पण चुकीवर तुटून पडणारा साहेब माणसाची उमेदच मारतो. जपानच्या टोयोटा कंपनीनेही १९५१ साली कामगारांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली.

मग आपल्याकडे कामगाराचे डोके का मोजले जात नाही? जात ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. हात एकाचे, डोके दुसऱ्याचे, अशी ही रीत. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. ज्याला खात्यात पाऊल टाकू दिले नाही, त्याची युक्ती कुणाला कळणार?

पुढे १९७६ साली घटनेत ४३-अ कलम आले. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, यासाठी शासनाने पावले उचलावीत असे ते सांगते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणून आपणच जागे राहिले पाहिजे.

बांधवांनो आणि भगिनींनो, युक्ती सुचली तर ती साध्या भाषेत लिहून काढा. खाली नाव व तारीख घाला. अर्ज देताना पोच घ्या, एक प्रत घरी ठेवा. तोंडी सांगितलेली युक्ती उद्या दुसऱ्याच्या नावावर जाते. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. मात्र आपल्या सूचनेने एखाद्या सोबत्याचे काम तर जाणार नाही ना, याचा युनियनमध्ये आधी विचार करा. वाचलेल्या श्रमाचा लाभ कामगारालाही मिळाला पाहिजे.

शेवटी एक विनंती आपल्यातून साहेब झालेल्यांना. शिक्षणाने तुम्हाला खुर्ची मिळाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण तुमच्या कचेरीत झाडू मारणारी बाई काही सांगू लागली, तर हातातली फाईल बाजूला ठेवा. कुणी सांगितले यावरून नव्हे, तर स्वतः पारखून मग स्वीकारावे, हीच तथागतांची कालामांना शिकवण होती. "आम्हाला कोण विचारतो?" हे उत्तर बंद करण्याची सुरुवात तुमच्या टेबलापासून होऊ द्या.

जयभीम!