खडूचा तुकडा

मोटारीच्या पोटाखाली तेलाची एक परात असते, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ऐन भाऊबिजेला कळले. कारागीर तिला 'चेंबर' म्हणतात. इंजिनातले तेल गळून तिच्यात साचते आणि पंप ते पुन्हा वर ओढतो. ती फुटली की तेल रस्त्यावर आणि इंजीन कोरडे.

गोष्ट गेल्या वर्षीची. रामटेकाहून नागपूर पन्नासेक किलोमीटर. तिकडे अक्का ताट मांडून बसलेली. आमची मारुती ८०० जुनीपुराणी. २०१४ साली तर ती निघायचीच बंद झाली. गाव सुटण्याआधीच एका दगडावर ती खालून आपटली आणि थोड्या वेळाने समोर तेलाचा लाल दिवा लागला. "नागपूरला दाखवू," मी म्हणालो. "आधी गाडी बंद करा!" ही म्हणाली. अर्थनिर्णय हा माझा धंदा. पण दिव्याचा अर्थ तिला लागला. तसेच दामटले असते तर बेअरिंगे घासून इंजीन जाम झाले असते, असे मिस्त्री पुढे म्हणाला.

त्याचे दुकान बंद होते, पण घर मागेच. कपाळी ओवाळल्याचे कुंकू तसेच ठेवून तो आला. नुसत्या जॅकच्या भरवशावर तो खाली शिरेना. गाडी घोड्यांवर टेकवली तेव्हाच शिरला. उरलेले तेल काढले, कडेचे बोल्ट सोडले, लाकडाने हळूहळू ठोकून परात उतरवली. पोचा आणि पोच्यात केसासारखी चीर! नवी परात त्या दिवशी कुठली मिळायला? त्याने पोचा ठोकून काढला, परात धुऊन अगदी कोरडी केली, शेजारून वेल्डिंग करून आणले. मग मला विचारले, "सर, खडू आहे का जी?"

होता. सुट्टीतही माझ्या खिशात असतो. सांध्यावर बाहेरून त्याने खडू फासला, आत रॉकेल ओतले आणि आम्ही बघत बसलो. पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा खडू. या खेपेस तो कोरडा राहिला.

जुने पॅकिंग खरवडून नवे बसवले, पेस्ट लावली. बोल्ट आवळायला मी सरसावलो. "जोर नका लावू जी, पत्रा मुरडते, मंग तेल पाझरते." मधून कडेकडे, समोरासमोरचे, थोडे थोडे करून त्यानेच आवळले. तेल मात्र घालीना. पेस्ट सुकायला दोन तास हवेत म्हणाला. अक्काचे तीन फोन येऊन गेले. मी घाई केली, हिने डोळे वटारले. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे मिराशी सांगून गेले. तिथे यक्ष वर्षभर अडकला होता, मला दोन तास निघेनात.

अंधार पडल्यावर तेल भरले. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये ते आल्यावर गाडी सुरू केली. लाल दिवा क्षणभर राहिला आणि विझला.

अक्काने रात्री दहाला ओवाळले. निजण्यापूर्वी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून आलो. पहाटे तोंडही न धुता आधी ते पाहिले. एकही डाग नव्हता.